बुटकी दुर्बीण घेऊ का?

मागच्या अंकात मी सहज एका ओळीत लिहून गेलो की घरात चार दुर्बिणी असून सगळ्यात जास्त बाहेर निघते ती हातभर लांबीची ८० मिमीची शॉर्ट रिफ्रॅक्टर. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आलीत की हा अख्खा अंक त्यालाच द्यावा लागतोय. नवीन वाचकांसाठी आधी एवढंच सांगतो, रिफ्रॅक्टर म्हणजे पुढे भिंग असलेली दुर्बीण (आरसावाली नव्हे), आणि शॉर्ट म्हणजे जिची फोकल लेंथ (भिंगापासून चित्र जुळतं तिथपर्यंतचं अंतर) कमी, साधारण ३५० ते ६०० मिमी. खोक्यावर ८०/४०० लिहिलेलं असतं त्यातला पहिला आकडा भिंगाचा व्यास, दुसरा फोकल लेंथ. ४०० ला ८० ने भागलं की ५, म्हणून ती एफ/५. बास, एवढं गणित आलं की पुढचं सगळं कळतं.

प्रश्न : नमस्कार काका. आम्ही डोंबिवलीला राहतो, गॅलरी पश्चिमेला आहे, समोर बिल्डिंग आहे पण वरचं आकाश बऱ्यापैकी मोकळं. मुलगा सातवीत, त्याला शनीची कडी बघायचीत, रोज डोकं खातो. बजेट जेमतेम पंधरा हजार. दुकानदार म्हणतो ८०/४०० घ्या, भिंग मोठं, सुटसुटीत, कुठेही नेता येते. पण तेवढ्याच पैशात ७०/७०० पण दिसतेय. कुठली घेऊ? (एक वाचक, डोंबिवली)

ताई, दुकानदार खोटं बोलत नाहीये, फक्त त्याने तुम्हाला काय बघायचंय आणि कुठून बघायचंय हे विचारलं नाही, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

हे बघा, दुर्बीण किती पट मोठं दाखवते हे काढायचं तर दुर्बिणीची फोकल लेंथ भागिले आयपीसची (डोळा लावायच्या भिंगाची) फोकल लेंथ. खोक्यात साधारण २५ आणि १० मिमीचे आयपीस येतात. १० मिमीचा आयपीस ७०/७०० ला लावला की ७० पट, शनीचं कडं गोळ्यापासून सुटं दिसतं, मुलगा खूश. तोच आयपीस ८०/४०० ला लावला की फक्त ४० पट, शनी म्हणजे कान फुटलेला तांदळाचा दाणा. कडं आहे हे कळतं, पण सातवीतल्या पोराला "हे एवढंच?" वाटायला तेवढं पुरे. मग तुम्ही अजून एक ६ मिमीचा आयपीस घेणार, म्हणजे बजेट गेलं. शिवाय २०२५ च्या मार्चमध्ये कडी आपल्याला अगदी काठावरून दिसत होती, म्हणजे जवळजवळ नाहीशीच, ती आता दरवर्षी थोडी थोडी उघडतायत, तेव्हा त्याला थोडा धीर धरायला सांगा, पुढची वर्षं चांगली आहेत.

शॉर्ट दुर्बिणीची खरी ताकद आहे ती एका नजरेत दिसणाऱ्या आकाशात. साध्या सव्वा इंची आयपीसमधून ८०/४०० जास्तीत जास्त चार अंशांच्या जरा कमी आकाश दाखवते, म्हणजे आठ पौर्णिमेचे चंद्र शेजारी शेजारी ठेवा तेवढी रुंदी. ७०/७०० ला हेच सव्वादोन अंश. आता कृत्तिकेचा पुंजका साधारण दोन अंशांचा, तो ७०/७०० मध्ये कसाबसा कोंबला जातो आणि ८०/४०० मध्ये भोवतीच्या काळोखासकट दिसतो, आणि पुंजका सुंदर दिसतो तो त्या भोवतीच्या काळोखामुळे. पण डोंबिवलीच्या गॅलरीत काळोख कुठून आणणार? तिथून चंद्र दिसणार, गुरू, शनी, शुक्र, चार ठळक जोडतारे. या सगळ्यांना रुंद आकाश नको, जास्त पट हवेत आणि रंग कमी सांडायला हवा (कडेला रंगीत झालर कमी यायला हवी, ती का येते ते पुढच्या उत्तरात), म्हणजे लांब नळी.

म्हणून मी स्वतः बुटक्या दुर्बिणीचा भक्त असूनही तुमच्या जागी असतो तर ७०/७०० घेतली असती. एकच गोष्ट तपासा, स्टँड. लांब नळी आणि काडीसारखे पाय असलं की फोकस करायला हात लावला की शनी नाचायला लागतो. दुकानात नळीला हलकी टिचकी मारा आणि चित्र थांबायला किती सेकंद लागतात ते मोजा, दोन-तीन सेकंदात थांबलं तर ठीक, पाच-सहा लागले तर सोडून द्या. घरी स्टँडचे पाय पूर्ण लांब करू नका, बसून बघा, आणि ट्रायपॉडच्या मधल्या पट्टीला पाण्याची दोन लिटरची बाटली लटकवा. संध्याकाळी गॅलरीची भिंत दिवसभराचं ऊन बाहेर टाकत असते त्यामुळे चित्र उकळल्यासारखं दिसतं, दुर्बीण तशी आहे असं समजू नका, रात्री उशिरा बघा.

आणि ताई, घ्यायच्या आधी एकदा वांगणीला जाऊन या. खगोल मंडळ या हौशी संस्थेचे आकाशदर्शनाचे रात्रभराचे कार्यक्रम तिथे होतात, तुमच्याकडून कर्जत लोकल सरळ जाते. दुसऱ्यांच्या दुर्बिणीतून बघून झालं की निम्मे प्रश्न सुटतात. तिथे गेल्यावर मुलाला शनीपेक्षा आकाशगंगेचं वेड लागलं आणि दर हिवाळ्यात जायचंच असं ठरलं, तर मात्र माझं उत्तर फिरवा आणि ८०/४०० घ्या, लोकलमध्ये मांडीवर बसते.

प्रश्न : सर, तीन महिन्यांपूर्वी ८०/४०० घेतली. चंद्राच्या काठाला जांभळी झालर दिसते, गुरूभोवती निळा-जांभळा धूर असल्यासारखा. दुकानदार म्हणतो सगळ्यांना असंच असतं आणि परत घ्यायला तयार नाही. पीस खराब आला का? (एक वाचक, कोल्हापूर)

पीस खराब नाहीये हो. दुकानदार या बाबतीत बरोबर आहे, फक्त हे त्याने विकायच्या आधी सांगायला हवं होतं.

भिंगातून जाताना प्रत्येक रंग वेगळ्या प्रमाणात वाकतो, म्हणून एकाच भिंगात सगळे रंग एका जागी फोकस होत नाहीत. सतराव्या शतकात लोकांनी यावर उपाय काढला तो नळ्या लांब करायचा, हेवेलियसने तर दीडशे फूट लांबीची दुर्बीण खांबाला दोऱ्यांनी टांगून वापरली, वारा आला की संपलं सगळं. मग १७३३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये चेस्टर मूर हॉल नावाच्या एका वकिलाने दोन वेगळ्या काचांची, क्राउन आणि फ्लिंटची, भिंगं एकत्र बसवून बघितली आणि रंग बराच आटोक्यात आला. १७५८ मध्ये जॉन डॉलंडने त्याचं पेटंट घेतलं. तुमच्या दुर्बिणीत पुढे आहे ते हेच, अ‍ॅक्रोमॅट.

पण अ‍ॅक्रोमॅटमध्ये लाल आणि निळा एकत्र आणले जातात आणि हिरवा-पिवळा त्यांच्या थोडा आधी पडतो, जांभळा तर आणखीच लांब पळतो. हे अंतर ढोबळमानाने फोकल लेंथच्या दोनहजाराव्या भागाएवढं, म्हणजे तुमच्या ४०० मिमीला ०.२ मिमी. वाटतं किती कमी! पण एफ/५ ला फोकसची सूट असते मधल्या जागेच्या अलीकडे-पलीकडे जेमतेम ०.०३ मिमी. म्हणजे हिरव्यावर फोकस केला की लाल-निळा सूट संपून सहा-सात पट बाहेर. हीच सूट एफ/१० ला चौपट होते, म्हणून लांब दुर्बिणी रंग कमी सांडतात. तेव्हा हा दोष तुमच्या पीसचा नाही, बुटकेपणाचा आहे, नळी आखूड करून घेतली त्याची किंमत म्हणायची.

आता फुकटातला उपाय. पुढच्या मोठ्या झाकणाकडे नीट बघा, बऱ्याच दुर्बिणींच्या झाकणात मध्येच एक छोटं झाकण असतं, ते एकटं निघतं. मोठं तसंच ठेवा, छोटं काढा. ते भोक ५० मिमीचं असेल तर तुमची दुर्बीण झाली ५०/४००, एफ/८, आणि झालर पटकन कमी होते. प्रकाश चाळीस टक्क्यांच्या आसपास उरतो, पण चंद्राला प्रकाशाची काय कमी, उलट डोळे दिपत नाहीत. बारीक तपशील थोडा जातो हे खरं. छोटं झाकण नसेल तर काळ्या कार्डशीटला गोल भोक पाडून बसवा, मी पहिली दोन वर्षं लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्यावर काढली. दुसरा उपाय म्हणजे फिकट पिवळा फिल्टर, आठ नंबरचा, जांभळा खातो, पण चंद्र लिंबाच्या सरबतासारखा दिसतो, मला नाही आवडत.

खरा दोष कसा ओळखायचा तेही सांगतो. झालर चहूबाजूंनी सारखी असेल तर नॉर्मल. एका बाजूला लाल आणि समोरच्या बाजूला निळी असेल तर एक तर ग्रह क्षितिजाजवळ आहे आणि हवा प्रिझमचं काम करतेय, किंवा भिंग वाकडं बसलंय. म्हणून डोक्यावरचा एखादा ठळक तारा घ्या, ६०-७० पटीला फोकसच्या थोडं आत आणि थोडं बाहेर करून बघा, वर्तुळं गोल आणि एकात एक नीट बसलेली दिसली की दुर्बीण ठणठणीत आहे. वर्तुळं एका बाजूला सरकलेली, अंडाकृती नाहीतर तिकोनी दिसली तर मात्र दुकानात जाऊन भांडा, तेव्हा तुमची बाजू खरी.

प्रश्न : सर, मी एफवाय बीएस्सीला आहे, बाईकवर गावी शेतात जाऊन बघतो, अंधार एकदम भारी आहे. १०२/५०० अ‍ॅक्रोमॅट घेऊ की ७२ मिमीची ईडी (रंग कमी सांडणाऱ्या खास काचेची)? ईडी खूप महाग आहे पण सगळे म्हणतात ईडी म्हणजे ईडी. (एक विद्यार्थी, सातारा)

एफवायला आहेस म्हणून अरे-तुरे करतो, रागावू नकोस. १०२ चा वर्ग कर, ७२ चा वर्ग कर, भाग. दोन आलं ना? म्हणजे १०२ मिमी बरोबर दुप्पट प्रकाश गोळा करते, आणि शेतातल्या अंधारात तुला जे बघायचंय, पुंजके, तेजोमेघ, आकाशगंगेतले ढग, त्या सगळ्याला प्रकाशच लागतो. फिकट गोष्टींवर जांभळी झालर डोळ्याला दिसतच नाही, झालर दिसायला वस्तू झगझगीत लागते. म्हणजे जो दोष घालवायला तू ईडीला जास्त पैसे मोजणार, तो दोष तुझ्या वापरात फारसा येणारच नाही.

ईडी वाईट आहे असं नाही. एफपीएल-५३ सारखी काच असलेली चांगली ईडी १४० पटीलाही चंद्र पांढराशुभ्र दाखवते, कॅमेरा लावला तर प्रश्नच नाही, तिथे ईडीच हवी. पण नुसतं ईडी लिहिलंय म्हणून भुलू नकोस. एफपीएल-५१ पण ईडीच, ती उतरत्या पायरीची, आणि तिच्या जोडीला दुसरी काच कोणती आहे आणि घासलीय किती नीट यावर निम्मं अवलंबून. अ‍ॅपो (म्हणजे रंग जवळजवळ न सांडणारी) हा शब्द तर विक्रेते मीठ भुरभुरावं तसा वापरतात. वर ईडी बहुतेक वेळा नुसती नळी येते. स्काय-वॉचरची ७२ ईडी बघ, ४२० मिमी, एफ/५.८, छान आहे, पण डायगोनल (प्रकाश वळवून डोळ्याकडे आणणारा तुकडा), आयपीस, माउंट (दुर्बीण धरणारा स्टँड) सगळं वेगळं घ्यायचं, आणि स्टायपेंड नसलेल्या माणसाने तो हिशोब आधी कागदावर मांडावा.

मी तुला १०२/५०० च सांगेन. उरलेल्या पैशात चांगला अल्ट-अझिमुथ (वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणारा) माउंट घे, कारण १०२ ची नळी फोटोच्या ट्रायपॉडवर नीट राहत नाही, डोक्यावरचं बघायला गेलं की हेड हळूच खाली घसरतं. एप्रिल-मेमध्ये रात्री नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा ताऱ्यांचा गच्च पुंजका बघ, साताऱ्याहून दक्षिणेला चोवीस-पंचवीस अंश वर येतो, युरोपातल्या बहुतेक लोकांना तो बघायला इकडे खाली यावं लागतं. ५० पटीला रव्याचा लाडू हातातून सुटून भुगा व्हावा तसा दिसतो. मग पहाटेकडे वृश्चिकाची नांगी वर आली की तिच्या शेजारचे एम६ आणि एम७ हे पुंजके, दोन्ही एकाच वेळी आले नाहीत तरी पाच मिनिटं नुसती दुर्बीण त्या पट्ट्यात इकडून तिकडे फिरव. मी पहिल्यांदा हे केलं ते कोकणात मामाच्या खळ्यात, दुर्बीण उखळावर टेकवून, आणि काय शोधायचं तेच विसरलो. हिवाळ्यात देवयानी आकाशगंगा, तिची लांबी तीन अंशांच्या आसपास, लांब दुर्बिणीत तिचा फक्त मधला गोळा दिसतो. ऑक्टोबर २०२४ चा त्सुचिनशान-अ‍ॅटलस धूमकेतू पण असाच, रुंद आकाशवाल्यांनी शेपटासकट बघितला.

तेवढ्याच पैशात १५० मिमीची डॉब्सोनियन (लाकडी बैठकीवरची मोठी आरसावाली दुर्बीण) येऊ शकते आणि ती १०२ च्याही दुप्पट प्रकाश गोळा करते, हे न सांगणं बेइमानी होईल. पण ती बाईकवर घेऊन जाऊन दाखव, मग बोलू.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, वय ६४, चष्मा आहे. ८०/४०० च्या खोक्यावर ३०० पट लिहिलंय, पण ३०० पटीला अंधुक गोळ्याशिवाय काही दिसत नाही. आयपीस बदलू का? कोणते? (एक वाचक, नागपूर)

गुरुजी, ते ३०० कुठून आले बघा. ४०० भागिले ४ मिमीचा आयपीस म्हणजे १००, गुणिले तिप्पट करणारा प्लॅस्टिकचा बार्लो, झाले ३००. कागदावर बरोबर आहे. पण ८० मिमी भिंगाला उत्तम काचेतही १६० च्या वर काही मिळत नाही, आणि तुमच्या एफ/५ ला १०० म्हणजे डोक्यावरून पाणी. तो बार्लो आणि ४ मिमीचा आयपीस, ज्याचं भोक टाचणीच्या टोकाएवढं आहे, दोन्ही खोक्यात परत ठेवा आणि खोकं माळ्यावर ठेवा.

घ्यायचे ते तीन, तेही एकदम नाही. पहिला २४-२५ मिमीचा, साधारण १६ पट, रुंद आकाशासाठी. खोक्यातला असेल तर सध्या तोच चालवा. लोक ३२ मिमीचा सुचवतील, तुमच्या वयाला त्याचा उपयोग नाही. आयपीसमधून बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताची जाडी म्हणजे आयपीस भागिले एफ रेशो, ३२ भागिले ५, ६.४ मिमी, आणि साठीनंतर अंधारातही बाहुली बहुतेकांची पाचएक मिमीच उघडते. उरलेला प्रकाश तुमच्या बुबुळावर पडतो, डोळ्यात जातच नाही, म्हणजे ८० मिमीचे पैसे दिले आणि ६०-६५ मिमीची दुर्बीण वापरली. दुसरा ९ मिमी, ४४ पट. तिसरा ६ मिमी, ६७ पट, चंद्र, गुरू, शनी यांच्यासाठी. ६६ अंशांचे स्वस्त वाइड आयपीस मिळतात ते ६ आणि ९ मध्ये चांगले आहेत, एफ/५ ला कडेचे तारे थोडे पसरतात, पण त्यातलं थोडं भिंगाचंच असतं. बुटक्या दुर्बिणीत फोकसचा पडदा सपाट नसतो, वाटीसारखा असतो, मध्ये फोकस केला की कडा सुटतात, त्याचं काही करता येत नाही, मधलं बघा.

चष्म्याचं म्हणाल तर नुसता जवळचा-लांबचा नंबर असेल तर काढून बघा, फोकसर भरपाई करतो. सिलिंडर नंबर असेल तर कमी पटीला चष्मा लावूनच बघा, जास्त पटीला झोत बारीक होतो तेव्हा काढलात तरी चालतं.

४४ पटीला पहिल्यांदा काय बघायचं ते मी सांगतो. सप्तर्षीतला वसिष्ठ. लग्नात अरुंधती दाखवतात ना, ती वसिष्ठाशेजारची, ती तर नुसत्या डोळ्यांनी दिसते, पण दुर्बिणीतून खुद्द वसिष्ठच दोन निघतात, कोनाच्या चौदा सेकंदांच्या (अंशाचा ३६०० वा भाग म्हणजे एक सेकंद) अंतरावर, स्वच्छ वेगळे. शाळेतल्या मुलांना दाखवा. आणि नागपूरकर असून पेंचला गेला नसाल तर मी रुसेन. जानेवारी २०२४ मध्ये तो भारतातला पहिला डार्क स्काय पार्क झाला, आणि तुमचा १६ पटीचा आयपीस तिथे जे दाखवेल ते शहरात कुठलाच आयपीस दाखवणार नाही.

प्रश्न : मोबाईलने फोटो येतील का? (बरेच जण)

चंद्राचे येतील, मस्त येतील. बाकीच्यांसाठी आधी नुसतं बघा.

प्रश्न : दिवसा पक्षी आणि रात्री तारे, एकच दुर्बीण चालेल? डायगोनल ४५ अंशाचा घेऊ की ९०? (एक वाचक, पणजी)

चालेल, शॉर्ट रिफ्रॅक्टर त्यासाठीच लोकांना आवडते. ४५ अंशाचा डायगोनल चित्र सरळ दाखवतो, उजवं-डावं उलटत नाही, पक्ष्यांना तोच हवा. पण रात्री डोक्यावरचं बघायला मान मोडते, आणि आतल्या प्रिझमच्या धारेमुळे ठळक ताऱ्याला एक रेघ येते, ती दुर्बिणीची खोट समजून लोक पत्र लिहितात. ९० अंशाचा वेगळा घ्या, दोन्ही ठेवा.

प्रश्न : पावसाळ्यात दुर्बीण कपाटात ठेवली होती, आता भिंगाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी दिसतंय. खोलून पुसू का? (एक वाचक, चिपळूण)

नका! आधी हात मागे घ्या. ती बुरशी आहे, आणि कोकणात ती न येणं हेच आश्चर्य. पुढे दोन भिंगं आहेत, बहुतेकांत त्यांच्यामध्ये पातळ हवेची फट असते, फटीत कागदासारखे तीन बारीक तुकडे, आणि दोन्ही भिंगं एकमेकांशी ठरावीक कोनात फिरवून बसवलेली. खोललंत आणि भिंग थोडं फिरलं किंवा उलटं बसलं की बुरशी जाईल आणि दुर्बीणही जाईल. जाळी थोडीशी असेल तर चित्रात फरक जाणवतही नाही, वापरत राहा. वाढत असेल तर कॅमेऱ्याची भिंगं साफ करणाऱ्या माणसाकडे न्या, आणि काचांच्या कडेला पेन्सिलने खूण केल्याशिवाय हलवायचं नाही असं आधीच बजावून सांगा. बुरशी जुनी असेल तर कोटिंग खाल्लेलं असतं, तो डाग पुसून जात नाही.

पुढच्या वर्षीसाठी. बघून झालं की भिंगावर दव असतं, लगेच झाकण लावू नका, ओलावा आत कोंडला जातो. पंख्याखाली वाळू द्या, मग झाकण. जून लागायच्या आधी मोठ्या घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसकट ठेवा, ते ओलं झालं की रंग बदलतं, कढईत मंद आचेवर परतून घेतलं की परत कामाला लागतं (वेगळी जुनी कढई हं). तांदूळ नको, त्याची पूड उडते. आणि कापडी किंवा चामडी बॅग तर नकोच, बुरशी आधी तिथेच घर करते. पूर्वी लोक कपाटात पंधरा वॅटचा बल्ब लावून ठेवायचे, आता एलईडी लावून काही होत नाही, तो तापतच नाही. आमच्याकडे एकाने पूर्ण एक पावसाळा एलईडी लावून ठेवला आणि बुरशीला उजेड दाखवला.

दुर्बीण "उन्हात वाळत" घालताना झाकण लावून घाला. उघडं भिंग सूर्याकडे झालं तर आतलं प्लॅस्टिक वितळतं, मागे पडदा असेल तर तो पेटतो.

प्रश्न : २ ऑगस्ट २०२७ च्या खग्रास ग्रहणासाठी आम्ही चार जण इजिप्तला लक्झरला जायचा विचार करतोय. ८०/४०० न्यावी की नवीन ६० मिमीची हलकी घ्यावी? आयपीसला लावायचा सोलर फिल्टर एका जुन्या दुर्बिणीबरोबर आला होता तो चालेल का? (एक वाचक, नाशिक)

शेवटचं आधी. तो आयपीसचा फिल्टर आत्ता, हे वाचताना, उठून कचऱ्यात टाका. भिंगाने गोळा केलेली सगळी उष्णता त्या इवल्या काचेवर येते, ती तडकते, आणि पुढच्या क्षणी तुमचा डोळा तिथे असतो. फिल्टर हवा तो पुढे, भिंगाच्या आधी, सोलर फिल्मचा, बोटाने ढकलला तरी पडणार नाही असा घट्ट, वरून टेप. प्रत्येक वेळी लावायच्या आधी आकाशाकडे धरून सुईएवढं भोक पडलंय का बघा. नळीवरची नेम धरायची छोटी फाइंडर काढूनच ठेवा, तीही एक दुर्बीणच आहे, आणि कुणाचंतरी पोर तिला डोळा लावतंच.

दुर्बीण तीच न्या, नवीन नको. नळी हातातल्या बॅगेत मावते, ट्रायपॉड कपड्यांत गुंडाळून चेक-इनला. सूर्य अर्ध्या अंशाचा, पण प्रभामंडल (खग्रासात सूर्याभोवती दिसणारं पांढुरकं तेज) त्याच्या कित्येक पट पसरतं, त्यामुळे १६ पटीचा रुंद आयपीस हवा, तिथे ८०/४०० सारखी दुसरी नाही. चंद्राच्या काठाला गुलाबी ज्वाला दिसतील, त्या शोधत बसायची गरज नाही, आपोआप नजरेत येतात. फिल्टर खग्रास सुरू झाल्यावरच काढायचा आणि संपायच्या आधी लावायचा, चौघांपैकी एकाने घड्याळ बघायचं काम घ्यावं. लक्झरला सहा मिनिटांच्या वर खग्रास आहे, चौघांत एक दुर्बीण म्हणजे प्रत्येकी मिनिटभर, बाकीचा वेळ नुसत्या डोळ्यांनी. रांगेचा क्रम इथेच ठरवून जा, तिथे भांडणं होतात.

खरी अडचण वेगळीच आहे आणि ती कुणी सांगत नाही. त्या वेळी तिथे दुपारचा एक वाजलेला असेल आणि सूर्य जवळजवळ डोक्यावर, ऐंशी अंशांच्या वर. साध्या ट्रायपॉडवर दुर्बीण सरळ वर करायला गेलात की नळी पायांना आपटते, आणि बाजूला फिरवायचं म्हटलं की थोडंसं सरकायला खूप फिरवावं लागतं. ९० अंशाचा डायगोनल लागेलच, आणि बसायला एकदम बुटकं स्टूल.

याचा सराव नाशिकलाच करता येतो. मेच्या २० तारखेच्या आसपास तुमच्याकडे शून्य सावलीचा दिवस असतो, दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर माथ्यावर. त्या आठवड्यात गच्चीवर फिल्टर लावून चौघांनीही दुर्बीण लावायची, सूर्य आत आणायचा, आणि तो सुटला की परत पकडायचा. नळी कुठे अडकते, कुणाला वाकता येत नाही, टेप उन्हात सुटतो का, सगळं तेव्हाच कळेल. गच्ची तापलेली असते, चप्पल घालून जा.